दूर राहून केलेला चित्रपट: ‘फॅमिली’विषयी काही विचार



आजचा विषय दिसायला लहान आहे. पाच मिनिटांहूनही कमी लांबीच्या एका लघुपटाविषयी मी वीस-पंचवीस मिनिटं बोलणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पाहिला असेल, हसला असाल आणि विसरूनही गेला असाल. पण कधी कधी लहान वस्तू हातात घेऊन फिरवून पाहता येते, मोठी येत नाही. म्हणून ही निवड.

आधी हकिकत सांगतो. मार्च २०२०. चित्रपट व्यवसायातल्या संघटनांनी १९ मार्चपासून चित्रीकरणं थांबवली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आणि ६ एप्रिलला रात्री सोनीच्या वाहिन्यांवर ‘फॅमिली’ नावाचा लघुपट दाखवला गेला. कल्पना आणि दिग्दर्शन प्रसून पांडे यांचं. कलाकार बघा: अमिताभ बच्चन, रजनीकांत, चिरंजीवी, मोहनलाल, मामूटी, प्रोसेनजीत चॅटर्जी, शिवा राजकुमार, दिलजीत दोसांझ, रणबीर कपूर, आलिया भट, प्रियांका चोप्रा आणि आपल्या सोनाली कुलकर्णी. एरवी या बारा जणांच्या तारखा जुळवायला दोन वर्षं लागली असती. इथे दोन-तीन आठवड्यांत काम झालं, कारण कोणालाच कुठे जायचं नव्हतं. दिग्दर्शक एकीकडे, नट आपापल्या घरी, वेगवेगळ्या शहरांत. प्रियांका चोप्रा तर अमेरिकेत.

गोष्ट अगदी साधी. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा काळा चष्मा सापडत नाही आणि सगळं घर तो शोधायला लागतं. शेवटी चष्मा मिळतो. आता बाहेर तर कोणालाच जायचं नाही, मग उन्हाचा चष्मा हवा कशाला, ही त्यातली गंमत. त्यानंतर अमिताभ बच्चन प्रेक्षकांशी थेट बोलतात. सांगतात की आमच्यापैकी कोणीही घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, प्रत्येकाने आपापल्या घरी आपापला भाग चित्रित केला. आणि चित्रपट व्यवसायातल्या रोजंदारी कामगारांसाठी मदतीचा विषय काढतात. एक लाख कामगारांच्या कुटुंबांना रेशन देण्याचा तो उपक्रम होता. सोनी आणि एक सराफी कंपनी पाठीशी होती.

आता प्रश्न असा की जी माणसं एकत्र नाहीत त्यांचा एकत्र चित्रपट होतो म्हणजे नेमकं काय होतं?

यासाठी मी तुम्हाला थोडं न्यायशास्त्राकडे नेतो. घाबरू नका, लगेच परत येऊ. आपल्याकडे नैयायिकांनी एक साधा प्रश्न विचारला होता. सुटे शब्द कानावर पडतात, त्यातून वाक्याचा अर्थ कसा होतो? अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे सतराव्या शतकातल्या त्या छोट्या पाठ्यपुस्तकात, तीन अटी दिल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची गरज असणं. नुसतं ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ म्हटलं तर वाक्य होत नाही, कारण कोणाला कोणाची गरजच नाही. योग्यता म्हणजे अर्थांनी एकमेकांत बसणं. ‘आगीने शिंपतो’ हे व्याकरणाला चालेल, पण आगीने शिंपता येत नाही. आणि सन्निधी म्हणजे शब्द जवळजवळ उच्चारले जाणं. एक शब्द सकाळी म्हटला आणि दुसरा दुपारी, तर ऐकणाऱ्याला वाक्य मिळत नाही.

दूर राहून केलेला चित्रपट हा नेमका असा खटाटोप आहे. एक शब्द मुंबईत उच्चारलेला, दुसरा चेन्नईत, तिसरा अमेरिकेत, आणि त्याचं वाक्य करायचंय. तेव्हा ‘फॅमिली’ या तीन अटींवर तपासून पाहू.

पहिली आकांक्षा. माणूस चौकटीबाहेर बघतो तेव्हा आपल्याला लगेच वाटतं, काय बघतोय? पुढच्या शॉटमध्ये जे येईल ते त्याच्या नजरेचं उत्तर होतं. हे लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने १९२०च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं. त्याच्या एका प्रयोगात मॉस्कोतल्या वेगवेगळ्या ठिकाणी चित्रित केलेले पुरुष आणि स्त्री भेटतात, हात मिळवतात आणि वर बघतात, तर समोर वॉशिंग्टनमधलं व्हाइट हाउस! ते दृश्य एका अमेरिकन चित्रपटातून कापून घेतलेलं होतं. प्रेक्षकांना सलग जागा दिसली. ती जागा पृथ्वीवर कुठेच नव्हती. म्हणजे टाळेबंदीने चित्रपटाला काही नवीन शिकवलं असं समजू नका. जिथे माणसं नाहीत तिथे ती जोडणं हा त्याचा जन्मापासूनचा धंदा आहे. टाळेबंदीने फक्त पडदा बाजूला केला.

पण या जुन्या युक्तीसाठी गोष्ट कोणती निवडली, तिथे प्रसून पांडे यांची हुशारी आहे. यांनी केलेल्या फेविकॉलच्या जाहिराती तुम्हाला आठवत असतील. जोडणं हा त्यांचा हातखंडा! विचार करा, त्यांनी जेवणाच्या पंगतीची गोष्ट घेतली असती तर? सगळे एका खोलीत बसलेले दाखवावे लागले असते आणि फसगत लगेच उघडी पडली असती. त्यांनी घेतली शोधाशोधीची. शोधताना माणसं वेगवेगळ्या खोल्यांतच असतात. एक जण हाक मारतो, दुसरा आतून ओ देतो. हरवलेली वस्तू प्रत्येक शॉटला पुढच्या शॉटची गरज निर्माण करते: इथे नाही, मग कुठे? ही शुद्ध आकांक्षा. घरातल्या भिंती वेगळ्या दिसल्या तरी आपण म्हणतो, वाडा मोठा आहे.

दुसरी योग्यता. इथे खरी मेहनत आहे आणि ती दिसत नाही, म्हणून सांगतो. एक नट उजवीकडे बघत बोलला तर त्याला उत्तर देणाऱ्याने डावीकडे बघितलं पाहिजे, नाहीतर दोघंही एकाच दिशेला बोलताहेत असं वाटतं. कॅमेऱ्याची उंची चुकली तर नजर समोरच्याच्या कपाळावर नाहीतर छातीवर जाते. एका घरात सकाळचं ऊन, दुसऱ्या घरात ट्यूबलाइट. रिकाम्या दिवाणखान्यात आवाज घुमतो, पडदे-गाद्यांच्या खोलीत दबतो. यातली प्रत्येक गोष्ट ‘आगीने शिंपतो’ म्हणायला टपलेली असते. ‘फॅमिली’ कृष्णधवल आहे, आणि या प्रश्नांचं अर्धं उत्तर त्यात आहे. बारा घरांच्या भिंतींचे रंग, बारा प्रकारचे दिवे, सगळं करड्या छटांत येऊन एका घरचं होतं.

कृष्णधवलचा आणखी एक उपयोग झाला. अभिनवगुप्ताने रसाच्या अनुभवात येणारी विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक असं: समोर जे चाललंय ते अमुक माणसाचं, अमुक स्थळी, अमुक वेळी घडतंय, या जाणिवेत प्रेक्षक अडकून पडणं. आता एप्रिल २०२० मधला प्रेक्षक आठवा. समोर रजनीकांतचं खरं घर. गोष्ट राहिली बाजूला, आपण सोफा बघणार! रंग काढून घेतल्यावर हे कुतूहल थोडं मंदावतं. पूर्ण जात नाही. मला वाटतं, ते पूर्ण जावं अशी चित्रपटाची इच्छाही नाही. कारण शेवटी ‘ही आमची खरी घरं होती’ हेच तर सांगायचं आहे. चित्रपट आधी विघ्न झाकतो आणि मग त्याचाच पुरावा म्हणून उपयोग करतो.

तिसरी सन्निधी. ती संकलकाच्या टेबलावर तयार होते. चष्मा एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला नाही, गेलेला भासतो. आणि इथे या लघुपटातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट येते. प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलतो. सोनाली कुलकर्णी मराठीत, मामूटी-मोहनलाल मल्याळममध्ये, प्रोसेनजीत बंगालीत, दिलजीत पंजाबीत. कोणी भाषांतर करत नाही, कोणी अडखळत नाही. सगळ्यांना सगळं कळतं. मराठी माणसाला त्या घरात आपली भाषा ऐकू येते तेव्हा बरं वाटतं, हे मान्य करू. पण जरा थांबून विचारू, कोणाला कोणाचं काय कळलं? मराठी वाक्य म्हणणाऱ्या नटीच्या समोर ते ऐकणारा मल्याळी नट नव्हताच. तिच्या समोर कॅमेरा होता आणि बहुधा एक भिंत. इथे संवाद झालेला नाही, संवादाची आकृती झाली आहे. बारा भाषणं शेजारी ठेवली आणि आपण, बघणाऱ्यांनी, त्यांचं घर केलं.

याला मी फसवणूक म्हणत नाही. कलेत असं होतंच. वाल्टर बेंजामिनने १९३०च्या दशकात लिहिलं होतं की चित्रपटातला नट प्रेक्षकांसमोर नव्हे, यंत्रासमोर अभिनय करतो. त्याची भूमिका तुकड्यातुकड्यांनी होते आणि नंतर जोडली जाते. ‘फॅमिली’त ही गोष्ट टोकाला गेली, एवढंच. पण टोकाला गेली म्हणून एक प्रश्न विचारावा लागतो: जवळ असण्याचा भास निर्माण करायचा की दूर असणं हीच गोष्ट करायची?

दुसरा रस्ताही त्याच काळात कोणी कोणी घेतला. गौतम मेनन यांनी मे २०२० मध्ये ‘कार्तिक डायल सेय्द येन’ हा बारा मिनिटांचा तमिळ लघुपट केला, सिलंबरसन आणि तृषा यांना घेऊन. दोघं आपापल्या घरी, दिग्दर्शक तिसरीकडे. कथा काय? टाळेबंदीत अडकलेला, लेखन अडलेला एक पटकथाकार जुन्या प्रेयसीला फोन करतो. ती आता विवाहित आहे. त्यात दोघं एका चौकटीत येत नाहीत आणि यायलाही नकोत. टाळेबंदी नसती तरी ही दोन माणसं एका खोलीत आली नसती. तिथे चित्रीकरणाची अडचण आणि पात्रांची अडचण एकच आहे. नेटफ्लिक्सच्या ‘होममेड’ या सतरा लघुपटांच्या संग्रहात पाओलो सोरेन्तिनो यांनी आणखी वेगळं केलं. रोममधल्या आपल्या घरात पोप आणि इंग्लंडची राणी यांच्या लहानशा बाहुल्या घेऊन एकटेपणाची गोष्ट सांगितली. माणूसच काढून टाकला.

कारागिरीच्या दृष्टीने ‘फॅमिली’ या दोघांपेक्षा अवघड आहे. पण मेनन यांचा लघुपट मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात अंतराला काही अर्थ आहे. ‘फॅमिली’त अंतर हा जिंकायचा अडथळा आहे. जिंकला, टाळ्या. आणि टाळ्या संपल्या की शेवटचं निवेदन येतं. माझ्या व्याख्यानाचा खरा विषय तिथे सुरू होतो.

निवेदनाचा आशय असा आहे: आम्ही सगळे कलाकार एक कुटुंब आहोत आणि आमच्या मागे आणखी एक मोठं कुटुंब आहे, कामगारांचं. हेही एक वाक्यच आहे. मग त्यालाही त्याच तीन अटी लावू.

आकांक्षा आहे का? आहे. नटाला प्रकाशयोजना करणारा लागतो, रंगभूषाकार लागतो, ट्रॉली ढकलणारा लागतो, दिवसभर चहा-पाणी पोचवणारा स्पॉटबॉय लागतो. एकाला दुसऱ्याची गरज आहे. योग्यता आहे का? इथे मी अडतो. कुटुंबात काम केल्याचा रोज मिळत नाही, आणि चित्रपटात तर काम केल्याचा रोजच मिळतो. पंधरा दिवस चित्रीकरण थांबलं की घरच्या कर्त्यावर उपासमारीची वेळ येते, आणि त्याच घरातल्या दुसऱ्यावर येत नाही, असं कुटुंब कोणतं? ‘कुटुंब’ हा शब्द मायेचा आहे, पण तो मालक आणि मजूर यांच्यातला व्यवहार झाकतो. कामगाराला पगारी रजा, विमा, अडीअडचणीची तरतूद मागता येते, कारण तो कामगार आहे. कुटुंबीयाने काय मागायचं? त्याने वडीलधाऱ्यांच्या प्रेमाची वाट बघायची.

आणि सन्निधी? पडद्यावर बघा. कामगारांसाठी केलेल्या या चित्रपटात एकही कामगार नाही. तुम्ही म्हणाल, कसा असेल? टाळेबंदी होती. बरोबर. पण मग या चित्रपटाने सिद्ध काय केलं? बारा मोठे नट, एकही स्पॉटबॉय नाही, एकही लाइटमन नाही, आणि चित्रपट झाला! ज्यांच्यासाठी चित्रपट केला त्यांच्यावाचून तो होतो, हे त्याच चित्रपटाने दाखवून दिलं. हा विरोधाभास दिग्दर्शकाने योजलेला नाही. पण आकृतीत तो आहे, आणि समीक्षकाने हेतूपेक्षा आकृती बघायची असते.

‘घरच्या घरी चित्रपट’ हे आपल्याला खरं तर नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला, १९१३ मध्ये तो लोकांनी पाहिला. तेव्हा घर हाच कारखाना होता. सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करत होत्या आणि फिल्मला छिद्रं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत हात लावत होत्या. मुलगा भालचंद्र रोहिताश्व झाला. तिथे ‘कुटुंब’ हा शब्द अक्षरशः खरा होता. आणि तरीही बघा, कितीतरी वर्षं आपण फाळक्यांचं नाव घेतलं, सरस्वतीबाईंचं घेतलं नाही. म्हणजे जिथे शब्द खरा होता तिथेसुद्धा त्याने काम करणारीला झाकलंच. २०२० मधल्या त्या बारा घरांतही फोन किंवा कॅमेरा कोणीतरी धरला असेल, दिवा कोणीतरी सरकवला असेल, हाक कोणीतरी कॅमेऱ्यामागून दिली असेल. हे श्रम घरात गेले की त्यांना श्रम म्हणायचंच बंद होतं.

आता एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण प्रश्नोत्तरांत तो येणारच. कोणी म्हणेल, सर, लोक उपाशी होते, महामार्गावरून माणसं पायी गावी चालली होती, अशा वेळी काही मोठ्या लोकांनी चार मिनिटांत हसवलं आणि रेशन पोचवलं, तर तुम्ही तर्कसंग्रह काय काढता? आक्षेप रास्त आहे. धान्य मिळालं ही गोष्ट कोणत्याही सिद्धांतापेक्षा मोठी आहे. ते मिळालेल्या घराला माझ्या योग्यता-सन्निधीशी काही देणंघेणं नाही. मदतीबद्दल कृतज्ञ राहावं. पण कृतज्ञता आणि परीक्षण ही दोन वेगळी कामं आहेत. मदत एका महिन्यात संपते, शब्द मागे राहतो. आणि ‘आपण एक कुटुंब’ हा शब्द कारखान्यात, कार्यालयात, आमच्या महाविद्यालयांतसुद्धा किती वेळा ऐकला असेल, ते आठवा. बहुतेक वेळा तो कधी ऐकू येतो? काहीतरी द्यायचं नसतं तेव्हा.

कामगाराला नेमकं काय हवं असतं, याचं उत्तर त्याच वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी मिळालं. मे २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण पासष्ट वर्षांवरच्यांना सेटवर यायला मनाई केली. हेतू काळजीचाच होता. सत्तर वर्षांचा एक कलाकार उच्च न्यायालयात गेला. त्याला काळजी नको होती, काम हवं होतं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. माझ्या वयाच्या माणसाला हे प्रकरण जास्त जवळचं वाटलं, तर समजून घ्या! पण त्यातला फरक बघा. एकीकडे रेशनची पिशवी, दुसरीकडे सेटवर येऊन उभं राहण्याचा हक्क. पहिल्यात घेणारा दूर राहतो. दुसऱ्यात तो जवळ येतो. आपल्या भाषेत सांगायचं तर, त्या कलाकाराने सन्निधी मागितली.

म्हणून ‘फॅमिली’विषयी माझा निष्कर्ष असा. चित्रपट म्हणून तो उत्तम जुळला आहे. जुळणीची कला शिकणाऱ्याने तो शॉट मोजत, थांबवत थांबवत पाहावा. पण शॉट शेजारी ठेवल्याने माणसं शेजारी येत नाहीत. शॉटचं काम संकलक करतो. माणसांचं काम करार, रोज, विमा आणि दारातून आत येण्याची मुभा यांनी होतं. त्या कुटुंबाचा एकत्र फोटो या लघुपटात कुठेच नाही, असूही शकत नव्हता. टाळेबंदी उठल्यावर तो काढता आला असता. मागे उभे राहणारे सगळे त्यात धरून.

पुन्हा पाहाल तेव्हा एक करा. चष्मा कोणाला सापडतो ते बघू नका. प्रत्येक शॉटमध्ये स्वतःला विचारा, कॅमेऱ्याच्या मागे या क्षणी कोण उभं आहे, आणि एरवी कोण उभं असतं? उत्तर पडद्यावर मिळणार नाही. पण प्रश्न विचारायची सवय लागली तर पुढचा कुठलाही चित्रपट तुम्ही वेगळा पाहाल.

इतकं बोलून थांबतो. तुमचे प्रश्न असतील तर जरूर विचारा.